सुलूचा ठिपका

सुलू, कावळा लगेच शिवला गं.

पिंड ठेवून आम्ही जेमतेम मागे सरतोय, तुझी वैशाली हात जोडतेय, तुझा दीर घसा खाकरून "वयनी, पोरीची काळजी करू नको" म्हणायच्या तयारीत आहे, आणि तेवढ्यात तो आला, बसला, भाताला चोच मारून उडालासुद्धा. सगळ्यांनी हुश्श केलं. तुझी जाऊ म्हणाली, "पुण्यवान बाई. काही मागे राहिलं नाही तिचं."

मला मात्र राग आला. मी घरून ठरवून आले होते. म्हटलं, ही अडून बसणार. कावळा येणार नाही, सगळे एकेक करून काहीबाही कबूल करतील, आणि मग मी पुढे होऊन विचारीन, "सुलू, आबांची पेटी सरकारजमा करू?" नाहीच आला कावळा, तर विचारीन, "मग ठेवू?" हयातभर तू या एका गोष्टीचं सरळ उत्तर दिलं नाहीस, म्हटलं कावळ्याकडून तरी काढून घेईन. तर तू ही अशी. काही म्हणजे काही मागितलं नाहीस. तू सुटलीस आणि पेटी आली माझ्या मोरीशेजारी.

दमले गं मी. गुडघे दमले ते वेगळं, बोलून बोलून दमले. तू गेल्यावर मरोळच्या तुझ्या खोलीत बायका भेटायला यायच्या, आणि बसल्या की पाच मिनिटांत विचारायच्या, "सुलूबाई साकीनाक्याला जायच्या ना? काय काम होतं?" मी सांगायचे, माश्या बांधायच्या. मग त्या माझ्याकडे असं बघायच्या की म्हातारीला दुःखाने भ्रम झालाय. मग पुन्हा पहिल्यापासून. थंड मुलखातले हौशी लोक नदीत उभे राहून मासे धरतात. गळाला खरं आमिष लावत नाहीत, किड्यामाशीसारखं दिसणारं खोटं काहीतरी लावतात. ते आम्ही करायचो. इवलासा गळ शिकंज्यात धरायचा, त्यावर रेशमी दोरा गुंडाळत जायचं, दोऱ्यात पिसं धरायची, पोट काढायचं, पंख काढायचे, शेवटी गाठ मारून दोरा कापायचा. झाली माशी. खोक्यात बसून विमानाने परदेशी जायची. "अगोबाई, विमानाने!" म्हणायच्या बायका. विमानाने आपली कामं गेली, आपण चालतच राहिलो, हे मी सांगत बसले नाही.

खारदांड्याची जनाबाई आठवते? मासळीची टोपली घेऊन यायची तुझ्या दारात. एकदा तू उंबऱ्यात बसून माशी बांधत होतीस, तर म्हणाली, "यो काय गो?"

"माशी. गळाला लावतात."

"आनि मासा खातो?"

"तिकडचा खातो."

"तिकडचा मासा पन येडाच म्हनायचा. मंग धरून काय करतात, कालवन?"

"नाय गो. परत पाण्यात सोडून देतात."

जनाबाईने टोपली खालीच ठेवली. "सोरून देतात? मंग धरतात कशाला?"

तू दोऱ्यावरची नजर न काढता म्हणालीस, "त्यांना काम नाही म्हणून आपल्याला काम आहे, जनाबाई."

त्या दिवशी तिने तुला दोन बांगडे वरती टाकले होते. तुझ्या बोलण्यावर मासे मिळायचे, माझ्या बोलण्यावर कधी कोथिंबीरही मिळाली नाही.

आणि खरंच, तुझ्याचमुळे आमची चूल पेटती राहिली. गिरण्यांचा संप लांबत चालला, आमचे हे दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून राहायला लागले, तेव्हा तू घाटकोपरला आमच्या खोलीवर येऊन मला म्हणालीस, "अक्का, उद्या डबा घेऊन माझ्याबरोबर चल." वयाने मी मोठी, गुरू तू. पहिल्या आठवड्यात माझ्या माश्या बघून कारखान्याचे शेट म्हणाले होते की या मेलेल्या वाटतात. तू म्हणालीस, "शेट, खोट्या माशीला आणखी कसं मरायचं असतं?" सगळ्या कारखान्यात हसू झालं आणि माझी नोकरी टिकली. हे मी तुला कधी बोलून दाखवलं नाही. आपल्यात तशी पद्धतच नव्हती. आभार मानले असते तर तू म्हणाली असतीस, "अक्काला ताप आलाय, कपाळ बघा गो कुणीतरी."

आता पेटीचं.

बायकांना मी पेटीचं काही सांगितलं नाही. पण इथे लिहायचं तर पहिल्यापासून लिहायला हवं, कारण हे लिहिलेलं तू नाही, दुसरंच कुणी वाचणार.

रानकोंबड्याच्या मानेवरची पिसं या धंद्यात सोन्यासारखी. काळपट करडं पीस आणि टोकाला मेणाचा थेंब सांडून गोठावा तसा पिवळसर पांढरा ठिपका. माशीच्या दोन्ही बाजूंना ती लावली की डोळे आल्यासारखे दिसतात, आणि मासा म्हणे त्या डोळ्यालाच भुलतो. तुझे वडील, आबा, आंबोलीच्या बाजूचे. रानात फासे लावायचे, कोंबडा मिळाला की मांस घरात आणि मानेचं कातडं पिसांसकट मीठ-हळद-राख लावून वाळवून मुंबईच्या व्यापाऱ्याला. तेव्हा त्यात कुणाला काही वाटत नव्हतं. सगळं गाव करायचं. मग बहात्तर सालचा कायदा आला. रानकोंबडा मारायचा नाही, विकायचा नाही, बाहेर धाडायचा नाही. व्यापाऱ्याने माल घेणं बंद केलं. आबांकडे शेवटचा वाळवलेला ढीग तसाच राहिला. तो त्यांनी पत्र्याच्या पेटीत भरला आणि एस्टीच्या टपावर टाकून तुझ्याकडे आणून दिला. "ह्यां रानाचा देणा असा. जपान ठेव," म्हणाले. पुढच्या पावसाळ्यात ते गेले.

ज्यांच्याकडे जुना माल असेल त्यांनी येऊन नोंद करावी अशी मुदत होती म्हणे. शेटनी आपल्या मालाची केली. तू नाही केलीस. मला हे कळलं तेव्हा ती मुदत जाऊन किती वर्षं झाली होती कोण जाणे. आणि मी तुझ्या मागे लागले.

किती वेळा झालं असेल हे भांडण! डबा खाताना, बसच्या रांगेत, तुझ्या दारात वाल सोलताना.

"सुलू, ती पेटी जमा करून टाक."

"जुनी आहेत अक्का. कायद्याच्या आधीची."

"पिसावर तारीख असते? कुणी विचारलं तर काय दाखवशील?"

"मी विकते का? वापरते का? पडली आहेत बिचारी."

"मग पडून तरी कशाला राहायची? आज तुझी जुनी म्हणून चालली, तर उद्या कुणी रानात नवा कोंबडा मारून आणील आणि म्हणेल ही पण आजोबांची."

इथे तू गप्प व्हायचीस. तुला ते पटायचं, हे मला माहीत होतं. तू रानातली, रान रिकामं झालेलं तू माझ्यापेक्षा जास्त बघितलं होतंस. गावाहून आलीस की सांगायचीस, "आता सकाळी बांग ऐकू येत नाय गो." पण पेटीचा विषय निघाला की तुझं एकच. एकदा मात्र बोललीस. वाल सोलता सोलता, माझ्याकडे न बघता. "जमा करायला गेले तर ते लिहून घेतील ना अक्का? कुठून आलं, कुणी मारलं. मी आबांचं नाव सांगू? चोर म्हणून लिहितील त्यांना. ते चोर नव्हते."

मी वाल सोलत राहिले. तुझं भांडण तिथेच राहिलं आणि माझंही.

कारखान्यात खरी पिसं बंद झाली होतीच. परदेशातून मागणी मात्र तीच, डोळेवाली माशी पाहिजे. मग तू तो ठिपका काढायला लागलीस. मरोळच्या चिकनवाल्याकडून कबऱ्या कोंबडीची मानेवरची पिसं आणायची, सोड्याच्या पाण्यात धुवायची, गच्चीवर वाळत घालायची. सगळी चाळ बोंबलायची, "सुलूबाईंची पिसं आमच्या आमटीत!" मग आगपेटीच्या काडीने टोकाला पांढरा रंग, तो ओला असतानाच त्यात पिवळ्याचा नुसता भास, आणि वाळला की वरून नेलपॉलिशचा एक हात, चकाकी यायला. वैशालीचं नेलपॉलिश तिच्या नखांना कधी मिळालंच नाही. आम्ही सगळ्या करायला शिकलो, पण आमचे ठिपके म्हणजे भिंतीला चुना लावल्यासारखे. तुझा ठिपका थेंबच असायचा. मोडेल, ओघळेल असं वाटायचं.

इतका खरा की सहारच्या विमानतळावर पार्सल अडकलं. कस्टमचा साहेब म्हणाला, ही रानकोंबड्याची पिसं आहेत, बंदी आहे, केस होईल. शेट खरं तेच सांगत होते, पण कुणी ऐकत नव्हतं. मग तू उठलीस, पिशवीत नेलपॉलिश काढायच्या पाण्याची बाटली टाकलीस आणि मला म्हणालीस, "अक्का, चल. तू नुसती उभी राहा, तुझं तोंड बघून लोक खरं मानतात."

साहेब मोठ्या मिशांचा. समोर आपली माशी कागदावर ठेवलेली, जणू मुडदाच.

तू म्हणालीस, "साहेब, रुमाल द्या."

"कशाला?"

"द्या तर. माझा पदर खराब होईल."

त्याने दिला, बाई! इस्त्रीचा रुमाल. तू बाटली उपडी केलीस, पीस चिमटीत धरलंस आणि एकदाच पुसलंस. ठिपका रुमालावर. हातात कोंबडीचं पीस.

साहेबाने रुमाल उचलून डोळ्यांशी धरला. मग म्हणाला, "बाई, खोटं इतकं खरं कशाला करता?"

"खऱ्याला बंदी तुम्हीच घातलीत ना साहेब? मग निदान खोटं तरी नीट करायला नको?"

तो हसला. पार्सल सुटलं. शेटनी दुसऱ्या दिवशी सगळ्यांना जिलेबी दिली. पण सहारहून परतताना आपण अंधेरीला बसची वाट बघत उभ्या होतो, मी आपली खुशीत बडबडतेय, साहेबाच्या मिशांची नक्कल करतेय, आणि बघते तर तुझं लक्षच नाही.

"काय गं?"

"काही नाही. माझा सगळ्यात बरा ठिपका होता तो. मीच पुसला."

"अगं, वाचलो ना पण!"

"वाचलो ना. पण मला सरकारसमोर सांगावं लागलं की माझं काम खोटं आहे. तसं आहेच म्हणा."

बस आली आणि आपण चढलो.

मग पेटीला कसर लागली. डांबरगोळ्या होत्या, कडुनिंबाचा पाला होता, उन्हं दाखवायचीस, तरी लागली. जुन्या पिसाचं असंच असतं, कायद्याने सोडलं तरी कीड सोडत नाही. एक दिवस तू झाकण उघडलंस आणि आबांनी वाळवलेल्या माना जागोजागी टक्कल पडलेल्या, खाली पिसांचा भुगा. मी म्हटलं, झालं, देवानेच सोडवलं, आता टाकून दे. पुढच्या रविवारी येऊन बघते तर तू मांडीवर मान घेऊन बसलेली, डिंकाची वाटी शेजारी, आणि टकलावर एकेक करून तुझी रंगवलेली पिसं चिकटवतेयस. जशी पोरीच्या डोक्याला तेल लावावं तशी.

मी कपाळावर हात मारला. "अगं बये, काय करतेस? आता ही ना खरी ना खोटी. जमा करायला गेलीस तर साहेब म्हणेल यातली खरी कुठली. व्यापाऱ्याला दाखवलीस तर तो म्हणेल फसवतेस."

तू डिंकाचं बोट पदराला पुसलंस आणि म्हणालीस, "बरं झालं मग. कायद्याला नको, व्यापाऱ्याला नको. आता माझी झाली."

मी तणतणत घरी गेले. पुढच्या रविवारी येऊन डिंकाची वाटी मीच धरली, तेही तुला आठवत असेल. चिमटा देत बसले आणि तोंडाने भांडत बसले. तुझ्यासारख्या बाईशी याहून वेगळं करणार काय.

मग तुला धाप लागायला लागली. डॉक्टरने विचारलं, काम काय करता? तू म्हणालीस, माश्या बांधते. त्याने मान वर करून माझ्याकडे बघितलं, मी म्हटलं, खरं आहे. त्याने लिहिलं, शिवणकाम. तू खोकता खोकता हसत होतीस. "बघ अक्का, आपलं नाव खऱ्या कामाला कधी लागायचंच नाही." रंग, थिनर, डांबरगोळ्या, जुन्या कातड्यांची धूळ, यातलं नक्की काय छातीत गेलं ते कुणी सांगितलं नाही. आपणही विचारलं नाही. विचारून काम थोडंच सुटणार होतं.

दहावं झालं, तेरावं झालं. चौदाव्या दिवशी वैशाली आणि जावई पेटी घेऊन माझ्या दारात. जावई पोलिसात, तुझं केवढं कौतुक होतं त्याच्या वर्दीचं! बिचारा घाम पुसत म्हणाला, "मावशी, राग मानू नका. दिंडोशीला आमच्या लायनीत सगळेच खात्यातले. घरात ही सापडली तर पट्टा जाईल माझा." वैशाली म्हणाली, "जाळून टाकूया का, मावशी?" आणि जाळूया म्हणता म्हणताच रडायला लागली. मी म्हटलं, ठेवा इथे. दोघं गेले, आणि मी पेटीकडे बघत बसले.

बातमीला पाय असतात. दुसऱ्याच दिवशी पिसांचा एक ओळखीचा व्यापारी आला, पांढरे कपडे घालून, चेहरा पाडून. आधी तुझ्या नावाने दोन उसासे टाकले. मग म्हणाला, "अक्का, जुना माल आहे, असा सडवायचा का? कायदा नव्या मालाला असतो."

मी म्हटलं, "जुनं-नवं पिसाला विचारलंत का?"

"आम्हाला कळतं ना बघून."

"बघा मग." मी एक मान काढून दिली. त्याने खिडकीत नेली, उजेडात धरली, फुंकर मारली, पिसं उलटी केली. "अस्सल," म्हणाला. त्यातली निम्मी तुझी होती, सुलू! अस्सल म्हणाला! मला इतकं हसू आलं आणि लगेच इतकं रडू आलं की तोच घाबरला. मी त्याला चहा दिला आणि घालवून दिलं. तो वाईट माणूस नाही. पण त्याने ती नेली असती, तर पुढच्या वेळी कुणी काय आणून दिलं असतं, ते तुला माहीत आहे. ते ऐकूनच तू गप्प व्हायचीस.

म्हणून मी ठरवलं. तुझं उत्तर नव्हतं, कावळ्याचंही नव्हतं, मग माझंच खरं.

बोरिवलीला जंगलखात्याच्या कचेरीत गेले. पेटी रिक्षाने नेली, उचलून धरताना कमरेतून कळ आली ती अजून गेलेली नाही. साहेब तरुण होता, चष्मेवाला, आवाज मऊ. त्याने बसायला खुर्ची दिली. मी म्हटलं, जुन्या माना आहेत, नोंद राहून गेली होती, जमा करायच्या आहेत. त्याने पेटी उघडली. डांबरगोळ्यांचा वास कचेरीभर. मग मीच आपणहून सांगून बसले, खोटं लपवायची सवय नाही ना, की यातली पुष्कळ कोंबडीची आहेत, रंगवलेली.

तो म्हणाला, "मग सोपं आहे आजी. कोंबडीची तुम्ही घरी न्या, त्याला बंदी नाही. खरी तेवढी आम्ही घेऊ. वेगळी करून द्या."

मला बरं वाटलं गं! म्हटलं, आबांची सरकारला, सुलूची मला. याहून चांगला निकाल कुठला? सहारसारखं लागेल म्हणून आणलेली नेलपॉलिश काढायच्या पाण्याची बाटली पिशवीतून काढली, जुना कपडा काढला, व्हरांड्यात बाकावर बसले. चष्मा लावला. आणि कळलं की मलाच ओळखता येत नाहीये. एवढी वर्षं तुझ्या शेजारी बसले, तुझा हात मी अंधारातही ओळखीन म्हणायचे. नाही ओळखता आला. एक पीस उपटलं, पुसलं. ठिपका तसाच. आबांचं. ते पेटीत परत ठेवलं, दुसरं उपटलं, पुसलं.

गेला.

कपड्यावर पिवळट पांढरा डाग, आणि हातात कबऱ्या कोंबडीचं पीस.

तिथेच बसून राहिले. समोर झाडाखाली शिपाई विडी ओढत होता. म्हटलं, तुझं कुठलं ते कळायला मला तुझं पुसावं लागणार. पुसल्यावर जे माझ्या हाती उरेल ते तुझं नाहीच, ते चिकनवाल्याचं. सहारला तू स्वतःच्या हाताने एक पुसलंस तर बसच्या रांगेत तुझं कशातच लक्ष नव्हतं. मी एवढी पुसायची? आणि कशासाठी, तर घरी न्यायला?

बाटलीला बूच लावलं आणि आत गेले.

"झालं आजी?"

"नाही. साहेब, सगळीच घ्या. सगळी खरी लिहा."

त्याने चष्म्यावरून बघितलं. "तुम्हीच म्हणालात की..."

"वय झालं माझं. चुकले असेन. तुम्हाला दिसतायत का खोटी? एक तरी दाखवा."

त्याने एक मान उचलली, फिरवून फिरवून बघितली, खाली ठेवली. कलमदानातून पेन काढलं. "कुणी मारली ही?"

तोच प्रश्न, सुलू. ज्याच्यासाठी तू एवढी वर्षं पेटीवर बसलीस.

मी म्हटलं, "मारणारे गेले, जपणारी गेली. आता माझ्याकडे होती, मी आणून दिली. माझं नाव लिहा."

"तुमच्या नावावर लिहू?"

"लिहा की. या वयात तुरुंगात घातलंत तर भाकरी तरी आयती मिळेल."

तो हसला. म्हणाला, आपणहून आणलीत, कुणी घालत नाही तुरुंगात. मी विचारलं, पुढे काय करता यांचं? म्हणाला, कोठारात राहतात, मग वरून हुकूम आला की जाळतात. मी म्हटलं, जाळायचं तर एकत्रच जाळा, निवडत बसू नका. त्याला त्यातलं काय कळलं कोण जाणे, पण मान हलवली.

त्याने लिहिलं. मी वाचून घेतलं, एकेक अक्षर जुळवत. रानकोंबड्याच्या माना, पिसांसह. पुढे माझं नाव. आबांचं नाव कुठे नाही. आणि खोटी हा शब्द कुठे नाही. सरकारच्या कागदावर तुझा ठिपका खरा लागला बघ. व्यापाऱ्याने अस्सल म्हटलं ते सोड, तो धंदेवाईक. हे सरकारने लिहिलं.

घरी आले तर मोरीशेजारची जागा रिकामी. तिथे आता बादली ठेवलीय. उद्यापासून साकीनाक्याला जायचं की नाही ते ठरवलं नाही. डोळे साथ देत नाहीत, आणि शेजारच्या शिकंज्यावर शेटनी नवी मुलगी बसवलीय म्हणे. तिला ठिपका शिकवायला पाहिजे कुणीतरी. मला तर तो चुन्यासारखाच येतो.

ठिपका गेलेलं ते एक पीस मात्र कपड्यात गुंडाळून तसंच घरी आलं होतं. साहेबाला द्यायचं विसरले. देवघरात ठेवलंय. साधं कबऱ्या कोंबडीचं पीस, टोकाला किंचित पांढुरका डाग राहिलाय. त्याला कुठलाही कायदा लागत नाही.